लातूरचा मेजर

"मेजर ठरलाय माझा… न्हाई गं, घरी कुणालाच सांगितलं न्हाई. आत्याला कळलं तर ती उभ्या जागी कोसळंल… पुण्याचा सोडला, लातूरचा धरलाय. आज पाच वाजेपर्यंत पक्कं करायचंय. एकदा पक्कं झालं की मग बदलता येत न्हाई."

दाराआड उभ्या असलेल्या मुक्ताबाईच्या हातातली दुधाची चरवी हिंदकळली, आणि दुष्काळातही ज्याचा एक थेंब तिनं कधी वाया जाऊ दिला नव्हता त्या दुधाची धार तिच्या पायांवर सांडली तरी तिला भान राहिलं नाही. आत मोरीजवळ पाठमोरी बसलेली रेवती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, हसत होती, मध्येच आवाज चोरत होती… आणि इकडे तिच्या आत्याच्या अंतःकरणात अठरा वर्षांचं सगळं एका क्षणात उलटंपालटं झालं होतं.

मेजर! धारूरच्या घाटाखालच्या त्या गावात मेजर म्हटलं की कुणालाही दुसरं काही सुचायचंच नाही. फौजेतून जो कुणी परत आला तो मेजर, मग तो तिथं काय करत होता हे कुणी विचारायचं नाही. सुंदरराव तिकडं पलटणीचा भटारखाना सांभाळून निवृत्त झाले होते, पण गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना मेजरच म्हणत. आणि त्यांचा पुतण्या त्रिंबक, लातूरचा, फौजेतलाच, गेले आठ दिवस सुट्टीवर चुलत्याकडे येऊन राहिला होता. लातूरचा मेजर म्हणजे दुसरा कोण असणार?

मुक्ताबाई तशीच मागच्या मागे फिरली. ती चालवायची त्या बायांच्या दूध संस्थेच्या खोलीत जाऊन कॅनवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली, कारण त्या खोलीत तरी तिला रडताना कुणी बघणार नव्हतं.

काय नव्हतं केलं तिनं या पोरीसाठी? बारावी कॉमर्सला मुक्ता तालुक्यात पहिली आली होती, अंबाजोगाईला बी.कॉम.ला जागाही मिळाली होती, पण त्याच वर्षी आई गेली आणि पाठचा शहादेव सात वर्षांचा होता… मुक्तानं कॉलेजचं ते पत्र घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि चुलीपुढे बसली. पुढे लग्न झालं, वर्षभरात मोडलं, ती माहेरी परत आली. शहादेवची बायको चार वर्षांची रेवती मागे ठेवून वारली, शहादेव वर्षातले आठ महिने दूर कारखान्यावर, तेव्हा त्या पोरीला आई झाली ती आत्याच. रेवतीनं परीक्षा दिली, बीबीएला पुण्याचं नावाजलेलं कॉलेज लागलं, तेव्हा मुक्ताबाईनं साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, "आमची रेवी पुण्याला जाणार, काचेच्या हापिसात बसणार." आणि आता ती पोर लग्नाचं ठरवून बसली होती, तेही चोरून!

पण मुक्ताबाईचं वात्सल्यच असं विलक्षण होतं की रडून डोळे कोरडे व्हायच्या आत तिचा राग विरघळला. पोरीनं चोरून करावं, कोर्टाच्या पायऱ्या एकटीनं चढाव्यात, यापेक्षा आपणच मान खाली घालून विचारायला जाऊ, तीन वर्षं शिकू द्या म्हणून पदर पसरू… ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि भर दुपारच्या उन्हात सुंदररावांच्या घराची वाट धरली.

सुंदरराव ओसरीवर बसले होते. त्यांची बायको पारूबाई तांदूळ निवडत होती आणि त्रिंबक एक बंद पडलेला कूलर खोलून बसला होता. मुक्ताबाई उंबऱ्यापाशीच थांबली.

"या की, मुक्ताबाई. बसा. एवढ्या उन्हाचं कावून आलाव?" सुंदरराव म्हणाले.

"मेजर, मी मागणं घेऊन आलेय," मुक्ताबाई म्हणाली. "पोरांनी ठरवलंच हाय तर माझी ना न्हाई. फकस्त एवढंच… आमच्या रेवतीला तीन वर्षं शिकू द्या. मग खुशाल लग्न लावू."

पारूबाईच्या हातातलं सूप थांबलं. सुंदररावांनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्यानं कूलरकडे.

"कुणाचं लग्न?" सुंदररावांनी शेवटी विचारलं.

"तुमच्या त्रिंबकचं. आन रेवतीचं."

"अहो आत्या," त्रिंबकचे कान लाल झाले होते, "रेवती मला राखी बांधती. आन माझी सुपारी फुटून महिना झाला."

मुक्ताबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं अडखळत फोनवरचं सगळं बोलणं सांगितलं, मेजर, लातूरचा, आज पाच वाजेपर्यंत. त्रिंबक ऐकता ऐकता आधी गंभीर होता, मग त्यानं पाना खाली ठेवला आणि हसू दाबायला मान फिरवली.

"आत्या, त्यो मेजर म्हंजे माणूस न्हाई. विषय हाय. आता कॉलेजात पोरांना एक मुख्य विषय निवडावा लागतो, त्याला मेजर म्हणत्यात. आमच्या धाकट्यानंबी मागल्या वर्षी निवडला."

पारूबाई इतकी हसली की तांदूळ ओसरीभर झाले. मुक्ताबाईही हसली, हसता हसता पुन्हा रडली, आणि जड झालेला जीव एकदम हलका होऊन ती घराकडे निघाली… पण पिंपळाच्या पारापर्यंत येते न येते तोच तिचे पाय थबकले. विषयच असेल, तर आत्या उभ्या जागी कोसळंल असं पोरगी म्हणाली ती कशापायी?

घरी रेवती मोबाईल पुढ्यात घेऊन बसली होती. साडेचार होत आले होते.

"रेवे, तुझा मेजर कोणता हाय?"

रेवतीनं दचकून वर पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"सहकार, आत्या. सहकार आन ग्रामीण व्यवस्थापन. लातूरच्या कॉलेजात हाय. पुण्यात फायनान्स हाय, मार्केटिंग हाय, पण हे न्हाई."

"सहकार…" मुक्ताबाई भिंतीला टेकत खाली बसली. "म्हंजे हेच ना? हे कॅन, ही म्हसरं, पहाटे उठून बायांच्या दारात हाका मारणं? मी शेणात हात घातले ते तू त्यातून बाहेर पडावं म्हणून गं. आन तू शिकून सवरून पुन्हा हितंच येणार? मग मी केलं ते सगळं मातीत गेलं म्हणायचं."

"आत्या, मला एक बोलू दे. मग तू म्हणशील ते."

"बोल."

"लातूरला मुलाखत झाली. सरांनी सगळ्यांना एकच इचारलं, तुमी पाह्यलेला सगळ्यात मोठा मॅनेजर कोण. पोरांनी मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकांची नावं घेतली. मी तुझं नाव घेतलं."

"माझं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"मी त्यांना कोऱ्या चहाचं सांगितलं."

कोरा चहा! तो शब्द मुक्ताबाईच्या काळजात रुतला. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या भयंकर दुष्काळात, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, निम्मी जनावरं बाजारात गेली होती आणि सदतीस बायांच्या दूध संस्थेत जेमतेम पाच बाया अधूनमधून दूध आणत होत्या. दूध न्यायला येणाऱ्या गाडीला सलग तीन दिवस रिकामं परतावं लागलं की ती त्या गावाला कायमची बंद, असा दूध संघाचा नियम होता. मुक्ताबाईनं एकही दिवस गाडी रिकामी जाऊ दिली नाही. घरच्या म्हशीचं होतं नव्हतं ते दूध कॅनमध्ये ओतलं, आणि सात वर्षांच्या रेवतीपुढे रोज सकाळी कोरा चहा ठेवला. पुढे पाऊस आला, म्हशी आल्या, दूध आलं, तरी ती पोरगी आजतागायत कोराच चहा मागत होती. "मला कोराच दे, आत्या," असं ती म्हणाली की मुक्ताबाईला वाटायचं, लेकरू विसरलं नाही… लेकरानं मला क्षमा केली नाही. अकरा वर्षं रोज सकाळी तिनं हे मूकपणानं सोसलं होतं.

"तुझ्या तोंडचं दूध मी काढलं, रेवे," ती पुटपुटली. "मला ठाऊक हाय. म्हणून तर तू अजून…"

"कशाला गं असं? ऐक तर. एकदा मी दाराआडून बघितलं हुतं. तू चरवीतलं समदं दूध कॅनात वतलंस. मग चरवी पाण्यानं इसळलीस आन ते पाणी पिलीस. आन मला म्हणलीस, मी दूध पिलेय, तू चहा घे." रेवतीनं मोबाईल खाली ठेवला. "तवापासून मला दुधाचा चहा जातच न्हाई, आत्या. रुसून न्हाई. तू जे सोडलंस ते मी एकटीनं कसं घ्यावं, असं वाटायचं. मग सवय झाली, आवडायला लागला."

मुक्ताबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्या पुसायलाही तिचा हात उठला नाही. ती नुसती बघत होती… हे एवढंसं लेकरू दाराआड उभं राहून आपल्याला बघत होतं! जे तिनं देवाला कळू दिलं नव्हतं ते या पोरीनं सातव्या वर्षी टिपलं होतं आणि अकरा वर्षं जिवापाड जपलं होतं.

"खालच्या गावची गाडी त्या साली बंद झाली, ती झालीच," रेवती म्हणाली. "तिथल्या बाया अजून ऊस तोडायला कोयत्यावर जात्यात, पोरंबाळं घेऊन. आपल्या गावच्या निम्म्या बाया घरी ऱ्हायल्या, त्यांची पोरं शाळेत ऱ्हायली. हे मी सांगितलं तर सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणले, हे आमी पुस्तकातून शिकवतो, तुझी आत्या कुठून शिकली? मला तेच शिकायचंय. आपण खालच्या गावचीबी गाडी चालू करू. पण तुझं मन मोडून न्हाई. तू न्हाई म्हण, मी पुण्याला जाते."

तेवढ्यात मुक्ताबाईच्या कमरेला खोचलेला जुना बटणांचा मोबाईल वाजला. परीक्षेचा अर्ज भरताना रेवतीकडे फोन नव्हता, त्यामुळे अर्जावर नंबर आत्याचाच होता. रेवतीनं लातूर भरून मघाशीच मागवलेले, निवड पक्की करायचे सहा आकडे आत्याच्याच हातात आले होते. पाच वाजायला नऊ मिनिटं होती.

रेवतीनं हात पुढे केला नाही.

मुक्ताबाईनं फोन डोळ्यांजवळ धरला. पत्र्याच्या पेटीतलं ते घडीचं पत्र तिला आठवलं. तेव्हा तिला कुणीच विचारलं नव्हतं, तुला काय शिकायचंय? आणि आज ही पोर आपल्या आयुष्याची दोरी आत्याच्या हातात देऊन बसली होती. मुक्ताबाईनं पदरानं काच पुसली, घसा साफ केला आणि रोज सकाळी बायांना दुधाची फॅट वाचून दाखवते त्याच ठसठशीत आवाजात एकेक आकडा वाचला.

"चार… शून्य… सात… सात… दोन… एक. घातलास का नीट?"

"घातला." रेवतीच्या डोळ्यांतलं पाणी आता हनुवटीपर्यंत आलं होतं. "झालं, आत्या."

मुक्ताबाई चुलीपाशी गेली. दोन कप कोरा चहा करून घेऊन आली, एक पोरीपुढे ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडाला लावला.

"लई कडू हाय गं हे."

"सवय लागंल," रेवती म्हणाली आणि आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

संध्याकाळी संघाची गाडी आली. गाडीवाला म्हाळू कॅन चढवता चढवता गालात हसत होता. सुंदररावांच्या ओसरीवरची बातमी गावभर फिरून त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि वाटेत तिचा विषय कुठंतरी गळून पडला होता.

"आत्या, ऐकलं ते खरं का? रेवतीचा मेजर ठरला म्हणं. लातूरचा."

"ठरला," मुक्ताबाई झाकण घट्ट लावत म्हणाली. "आन पोरगी काय सासरी जायची न्हाई, म्हाळू. तीन वर्षांनी मेजरच हितं नांदायला येणार हाय."