कांचनाला दिलेला सांगावा

"आमची ही जिवंतपणी एकाही लग्नाला वेळेवर तयार झाली नाही," बहाव्याच्या बुंध्याशी कुपी रिकामी करत दळवीकाका म्हणाले. "आता बघ ऋजुता, तिथीला उजाडायच्या आत नटून हजर!"

निनाद हसला. ऋजुताचं लक्ष नव्हतं. शेजारच्या कांचनाची एक काडी ती नखाने खरवडून पाहत होती. सालीखाली ओलसर हिरवा थर दिसायला हवा होता. तिथे तपकिरी भुगा होता.

साताऱ्याबाहेरच्या उतारावरच्या या स्मृतिबागेत प्रत्येक झाडाच्या मुळाशी कुणाची ना कुणाची रक्षा होती. कांचनाखाली शर्वीची, ऋजुता आणि निनादच्या मुलीची. हिवाळे उबदार होत गेले तशी बाहेरच्या झाडांची वेळ चुकत गेली. पळस दिवाळीत फुलू लागले, काही झाडं फुलेनाशी झाली. या बागेत मात्र चैत्रात सगळं एकदम बहरत असे. कांचन, बहावा, पांगारा, कुंपणालगतचा मोगरा, सगळं. माणसं लांबून पाहायला येत.

हे घडवणारा रेणू ऋजुताच्या प्रयोगशाळेतला होता. पाणी संपत आलं की झाडाची मुळं एक रसायन वर पाठवतात. झाड पानं गाळतं, वाढ थांबवतं आणि साठवलेली साखर फुलांकडे वळवतं. मरण्याआधी निदान बी तरी पडावं म्हणून. डाळिंबाच्या बागेत पाणी तोडून बहर धरतात, त्याला ताण देणं म्हणतात, ते हेच. ऋजुताने पाणी न तोडता ताण देणारं रसायन बनवलं. मूळचा रेणू मातीत लवकर विरतो, तिचा विरत नसे. त्या टिकाऊपणाचं फार कौतुक झालं होतं. लोक त्याला सांगावा म्हणू लागले आणि दरवर्षी बहराआधी त्याची एक कुपी आपापल्या झाडाच्या आळ्यात ओतू लागले.

"या वर्षी नको देऊया, निनाद."

"का?"

"थकलाय तो. दरवर्षी आपण त्याला सांगतो, दुष्काळ येतोय, तू मरणार आहेस. त्याला ते खरं वाटतं. असेल नसेल ते तो फुलांवर उधळतो. लावल्यापासून एक जाड फांदी फुटलेली नाही त्याला."

"आणि तिथीला मी कुणाला भेटायला येऊ? काड्यांना?"

"एकच वर्ष थांबूया."

निनाद कुपीच्या बुचाशी चाळा करत राहिला. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "शर्वीच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस. थकलीय, आता औषधं थांबवूया."

दळवीकाका झारी उचलून पलीकडे गेले.

ऋजुताने त्याच्या हातातून कुपी घेतली, बूच काढलं आणि कांचनाच्या आळ्यात ओतली. निनादने मान हलवली, त्याचं समाधान झालं होतं. कुपीत घरच्या माठातलं पाणी होतं. ते तिने सकाळीच भरून ठेवलं होतं.

तिथीच्या दिवशी ती मुद्दाम मागे रेंगाळली. त्याचा पडलेला चेहरा पाहण्याचा धीर तिला होत नव्हता. फाटकातून आत येताना निनादची हाक ऐकू आली.

"अगं, लवकर ये!"

कांचनावर एकही पान नव्हतं. शेंड्यापासून खाली बुंध्यावरच्या गाठींपर्यंत जांभळी फुलं होती. इतकी फुलं त्याच्यावर कधीच आली नव्हती. निनाद बुंध्याला हात लावून उभा होता आणि रडत होता.

"हे तुझं थकलेलं झाड!"

तिने एक फूल खुडलं आणि पर्समधली पट्टी त्याच्या देठावर दाबली. ही पट्टी फक्त तिच्या रेणूला ओळखे, झाडाच्या स्वतःच्या रसायनाला नाही. पट्टी निळी झाली.

आजूबाजूच्या आळ्यांत किती कुप्या रिकाम्या झाल्या असतील! मातीखाली मुळं मुळांना भिडलेली होती, बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली होती. न विरणारा सांगावा एका झाडाकडून दुसऱ्याकडे गेला होता. तिने कुंपणापलीकडे पाहिलं. कित्येक वर्षं चैत्रात न फुललेले डोंगरावरचे रानपांगारेही निष्पर्ण होते आणि लालभडक फुलले होते. त्यांच्याखाली कुणाचीच रक्षा नव्हती.

"निनाद, मी त्याला काही दिलं नव्हतं," ती म्हणाली. "कुपीत नुसतं पाणी होतं."

तो चिडेल अशी तिची अपेक्षा होती. त्याला फसवल्याबद्दल तो बोलेल आणि मग कदाचित ऐकूनही घेईल. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. शर्वी गेल्यापासून तो असा दिसला नव्हता.

"म्हणजे ती आपणहून आली?"

ऋजुताने पट्टी मुठीत धरली. मरण जवळ आलंय, हे झाडाला पटवणारा रेणू तिने शोधला होता. धोका टळला, आता जग, हे त्याला कसं सांगतात, याचा शोध घ्यावा असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. वाऱ्याची झुळूक आली आणि पाकळ्या त्यांच्या अंगावर पडल्या. निनादने त्या ओंजळीत धरल्या.

"सांग ना ऋजू. आपणहून आली ना ती?"