तिसऱ्या मजल्यावरचा हिरो

वामन त्या रात्री गच्चीवर गेला तो टाकी भरली का ते बघायला. एवढंच काम, रोजचंच. रात्री दहाला मोटर लावायची, दहा-पंधरा मिनिटांनी वर जाऊन टाकीत टॉर्च मारायचा, खाली येऊन मोटर बंद करायची आणि झोपायचं. सर्वपित्री अमावस्या होती, गेल्या वर्षीची. एकवीस सप्टेंबर, रविवार.

थांब सई, उठू नकोस. परवा तू जर्मनीला निघालीस शिकायला, म्हणून मुद्दाम आजच सांगतोय. आणि आशुतोष, तू तर बसच. मघाशी गेटातून ते दोन परदेशी विद्यार्थी खोली विचारायला आत आले, तेव्हा तू त्यांना काय नाव ठेवलंस ते ऐकलं मी. म्हातारा झालोय, बहिरा नाही झालो. तू बोललास आणि हे सगळे खिदळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. का, ते कळेल.

वामन माझ्याबरोबर तुर्भ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं होता. करावे गावचा. जमीन सरकारनं घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत प्लॉट मिळाला, त्यावर यानं तीन मजले चढवले. तळमजल्यावर हा आणि याची बायको यशोदाबाई. वरच्या खोल्या भाड्यानं, कॉलेजच्या पोरांना. मी रविवारी तिथे मासे खायला जायचो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिथे एक पोरगा आला. आफ्रिकेतल्या मलावीचा. फार्मसी शिकायला आलेला. त्याला सतरा सोसायट्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. आपली पण त्यातच. 'परदेशी भाडेकरू नको' असा ठराव आहे आपल्या सोसायटीचा, जा, बघा रजिस्टरमध्ये. खाली माझी सही आहे. जोतीराम, बी विंग. काय रे स्वानंद, आता का गप्प? हस ना.

तर वामननं त्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली. पोरगा गुणी. पहिल्या आठवड्यात पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, रिक्षा कुठून मिळते, सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. मक्याचं पीठ गिरणीतून आणून घट्ट उकड करायचा. एकदा यशोदाबाई सुकट भाजत होती, तर वास घेत घेत खाली आला आणि उंबऱ्यात उभा राहून रडला. त्यांच्याकडे तळ्यातली बारीक मासळी अशीच वाळवतात म्हणे. तेव्हापासून ती त्याला दर आठवड्याला सुकट द्यायची.

नाव काय त्याचं? तेच तर. वामन त्याला 'हिरो' म्हणायचा. मग आख्खी गल्ली 'हिरो' म्हणायला लागली. मी पण. मी जिना चढायला लागलो की माझ्या हातातली पिशवी घ्यायचा तो, आणि मी म्हणायचो, "थँक्यू हिरो." दोन महिने! पोरा तुझं नाव काय, हे विचारायला माझी जीभ काय झडली होती?

परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकानं चोवीस तासांत त्याची माहिती पोलिसांना द्यावी लागते. सी फॉर्म म्हणतात त्याला. वामननं भरला नाही. "कोन त्या पोलिसांच्या लफड्यात पडतंय," म्हणाला. म्हणजे पोरगा राहत होता, पण कागदावर तो त्या घरात नव्हताच.

ऑगस्टमध्ये त्याला ताप आला. कुणाला न सांगता एकटाच हॉस्पिटलला निघाला, आणि रस्त्यात पडला. लोकांनी उचलून दाखल केला. शुद्ध नाही, खिशात कागद नाही. फोनला लॉक. पण लॉक असला तरी अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा तो नंबर दिसतो ना? तिथे पोरानं वामनचा नंबर टाकला होता. 'अंकल' म्हणून.

हॉस्पिटलातून फोन आला. "हा मुलगा तुमच्याकडे राहतो का? नाव काय त्याचं?"

आणि वामन म्हणाला, "राँग नंबर."

फॉर्म भरला नव्हता ना! पोलीस घरी येतील म्हणून टरकला. सरळ कानावर हात ठेवले. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला. नवव्या दिवशी कॉलेजवाल्यांना पत्ता लागला, तोवर तो तिथे बेवारस म्हणून पडून होता. तिकडे त्याची आई रोज फोन लावत होती. अरे, जनाची नाही तर मनाची तरी! खोलीत त्याचा पासपोर्ट होता, वामननं तो उघडूनसुद्धा बघितला नाही. कॉलेजवाले सामान न्यायला आले तेव्हा त्यांनी नाव घेतलं असणारच. याच्या कानात शिरलं नाही.

मला त्यानं हे दारू पिऊन सांगितलं. आणि मी काय केलं? म्हटलं, "जाऊ दे वामन, झालं ते झालं." थू माझ्या जिनगानीवर.

वर्ष गेलं. खोलीत दुसरा पोरगा आला, टांझानियाचा. पुन्हा फॉर्म नाही. आणि वामन त्याला काय म्हणायचा? बरोबर. हिरो.

आता ती रात्र. सर्वपित्रीला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचंही पान ठेवतात. यशोदाबाईनं दुपारी सासू-सासऱ्याचं ठेवलं, आणि बाजूला एक जादा पान मांडलं. भात, भाकरी, वर सुकट. पान ठेवताना त्यांच्यात नाव घेऊन हाक मारतात, ये, जेवून जा, म्हणून. ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, त्या पोराचा नाव काय होता?"

वामन म्हणाला, "हिरोच म्हन. त्याला समजंल."

तशीच हाक मारली तिनं. गच्चीच्या कठड्यावरची बाकीची पानं दुपारीच संपली. ते एक संध्याकाळपर्यंत भरलेलं. मुंगी नाही त्याला.

सव्वादहाला वामन वर गेला. टाकी अर्धी भरली होती. वारा नव्हता. फोन वाजला. हॉस्पिटलचा लँडलाइन नंबर, तोच. वर्षभरापूर्वी ब्लॉक केलेला.

त्यानं घेतला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास. आत ओढायचा... मग बराच वेळ काही नाही... मग सोडायचा.

"राँग नंबर," वामन म्हणाला. सवयीनं. आणि कट केला.

परत वाजला.

त्याला राग आला. कोण चेष्टा करतंय म्हणून शिवी हासडायला त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून त्याचाच आवाज आला. वामनचा स्वतःचा. तसाच घाबरलेला, घाईतला.

"राँग नंबर."

मग पुन्हा.

"राँग नंबर... राँग नंबर..."

वामननं फोन कट केला. बटण पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. आवाज चालूच. त्याची पाचावर धारण बसली. तो जिन्याकडे पळाला. टॉर्च हातातून पडला.

जिन्यात अंधार.

आवाज थांबला.

मग फोनमधून... अगदी हळू...

"अंकल... मेरा नाम बोलो."

वामन तिथेच खाली बसला. बोलणार काय? माहीतच नव्हतं.

"अंकल..."

...

"बोलो ना."

...

वामन मला म्हणाला, "जोतीराम, तो ओरडला आसता ना, तर बरा होता. तो वाट बगत होता रं. मी बोलन म्हनून."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला. दार उघडं. आतून काहीतरी जमिनीवर घासल्याचा आवाज.

वामन आत गेला. का गेला, त्याला अजून सांगता येत नाही. फोन कानालाच होता.

आत टांझानियाचा पोरगा फरशीवर पडला होता. डोळे वर. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं. टाचा घासत होता तो. दोन दिवस ताप होता, आणि खाली कुणालाही पत्ता नाही.

"ए हिरो," वामन म्हणाला. "ए... हिरो, ऊठ."

फोनमधला श्वास मोठा झाला. अगदी कानाशी.

तेव्हा कुठे याच्या डोक्यात उजेड पडला. हे पोरगं उचलून नेलं तर तिथे पहिला प्रश्न तोच येणार होता. नाव काय? आणि वामनला याही पोराचं नाव ठाऊक नव्हतं. एक मेला तरी ठाऊक नव्हतं! वामननं कपाट उपसलं, गादी उलटी केली, बॅग जमिनीवर रिकामी केली. पासपोर्ट सापडला. इंग्रजी वाचायला वेळ लागतो त्याला. एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"ब... बरा... बराका."

मग मोठ्यानं. फोनमध्ये.

"बराका! याचा नाव बराका हाय! माज्या घरात ऱ्हातो हा! माजा मानूस हाय, ऐकतोस का? माज्या घरात ऱ्हातो!"

...

फोन कट झाला.

वामननं वरूनच आरडाओरडा केला. शेजारी हारुन राहतो, रिक्षावाला. तो बनियनवरच धावत आला. दोघांनी पोरगा उचलला आणि रिक्षात घातला. रिक्षात तीन माणसं. हारुन, वामन, बराका. हे नीट लक्षात ठेवा. हारुनची रिक्षा स्टेशनबाहेरच लागते, जाऊन विचारा.

पावणेअकराला त्याच हॉस्पिटलला पोचले. डेंग्यू निघाला, प्लेटलेट अठरा हजारावर आलेल्या. पोरगा वाचला. आज कॉलेजला जातो, यशोदाबाईच्या हातचं जेवतो, आणि ती त्याला दिवसातून वीस वेळा उगाचच 'बराका, बराका' म्हणून हाका मारते. वामन दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं पोलीस स्टेशनला गेला, फॉर्म भरला, शिव्या खाल्ल्या. अजून खायला हव्या होत्या. मी त्याला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. पुढच्या मीटिंगमध्ये तो ठराव मी फाडणार आहे, काय ओरडायचं ते ओरडू देत सेक्रेटरीला.

सई, तू तिकडे उतरशील तेव्हा तुझं नाव त्या लोकांच्या तोंडात बसणार नाही. ते तुला काहीतरी सोपं नाव देतील, आणि तू हसून चालवून घेशील. चालवून घेऊ नकोस. भांड. दहा वेळा म्हणायला लाव.

काय म्हणतेस? भूत कुठे होतं? फोन बिघडला असेल? म्हण बापडी. वामनही स्वतःला तेच सांगत होता, हॉस्पिटलच्या खिडकीशी जाईपर्यंत.

त्यानं पासपोर्ट पुढे केला. खिडकीतली बाई म्हणाली, "केस पेपर झालाय यांचा. तुमच्याबरोबरचा मुलगा मघाशीच भरून गेला."

"कोनचा मुलगा?"

"उंचसा. मराठी येत नव्हतं त्याला."

हारुननं वामनकडे बघितलं. वामननं हारुनकडे.

तो कागद वामननं मला दाखवलाय. या हातात धरलाय मी. पेशंटचं नाव, बराका, आडनावासकट. पत्ता, वामनचं घर, तिसरा मजला, बिनचूक. सोबत आलेल्या माणसाच्या रकान्यात इंग्रजीत एक नाव. चिसोमो. वामन सोमवारी तो कागद घेऊन कॉलेजात गेला. क्लार्कनं आदल्या वर्षीचं दप्तर काढलं, त्या मलावीच्या पोराच्या फोटोवर बोट ठेवलं आणि नाव वाचून दाखवलं. चिसोमो.

कागदावर वर वेळ टाकलेली आहे. रात्रीचे नऊ पन्नास.

नऊ पन्नासला वामन घरी जेवत होता. मोटर लावायची होती अजून.