समग्र रानदरबार

त्या काळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं, हुकूम नागपूरहून सुटत, आणि पोरांनी हसायचं कशावर हे मात्र अमरावतीत अंबागेटाजवळच्या एका शिळाछाप छापखान्यात ठरत असे. निदान छापखान्याचे मालक हेमचंद्रराव तसं मानत, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. वकिलाच्या घरात जन्मून त्यांनी वकिलीला रामराम ठोकला आणि 'रानदरबार' नावाचं चित्रांचं मासिक काढलं. त्यात माणूस औषधालाही नव्हता. कोल्हा पटवारी, ससा शिपाई, घुबड न्यायाधीश, आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे रोहीराव वकील. रोही म्हणजे तीच ती नीलगाय, जी कपाशीत, म्हणजे इकडच्या पऱ्हाटीत, शिरली की वावर साफ करते. पण हेमचंद्ररावांचा रोही दोन पायांवर उभा राहायचा, काळा कोट आणि पांढरी पगडी घालायचा, नाक आभाळाकडे ठेवून शेतकऱ्यांची बाजू लढवायचा आणि दर महिन्याला खटला हरायचा. हरून बाहेर पडताना ऐट मात्र अशी, की जिंकलेल्यानं लाजावं.

पुण्याच्या एका मासिकानं मध्यंतरी शेरा मारला, "चित्रे बरी, भाषा रांगडी." हेमचंद्ररावांनी तो अंक पुड्या बांधायला किराणा दुकानात धाडून दिला आणि त्याच दिवशी ठरवलं, की 'रानदरबार'चे सगळे अंक एकत्र करून एक बांधीव, जाडजूड ग्रंथ काढायचा. चित्रांतल्या जनावरांचा असा समग्र ग्रंथ त्यांच्या माहितीत तरी उभ्या मुलखात कुणी काढला नव्हता. तो वऱ्हाडातून निघणार, आणि त्यावर आपलं नाव असणार, या विचारानं त्यांना झोप येईना. अकोल्याचे पुस्तकविक्रेते महादेवराव यांनी तर मोर्णा नदीच्या काठी प्रकाशनाचा मांडव घालायचं कबूलही करून टाकलं.

अडचण एकच होती. शिळाछापात चित्र दगडावर काढतात, आणि छपाई उरकली की तोच दगड वाळू-पाण्यानं घासून पुढच्या चित्रासाठी कोरा करतात. त्यामुळे जुनं एकही चित्र दगडावर उरलं नव्हतं, आणि शिलकी अंकही कधीच खपले होते. मग हेमचंद्ररावांनी वाचकांनाच साद घातली: जुने अंक आणून द्या, बदल्यात बांधीव ग्रंथ घेऊन जा. अंक यायला लागले. रिद्धपूरच्या यात्रेकरूंच्या झोळ्यांतून आले, भाजीच्या टोपल्यांतून आले, कुणी देवघरातून काढून आणले. हळदीचे डाग पडलेले ते अंक पाहून हेमचंद्ररावांचा ऊर अभिमानानं भरून यायचा.

पहिला गठ्ठा वलगावच्या देवीदासनं आणला. तो वांगी घेऊन बाजाराला आला होता.

"बुढ्यानं जपून ठेवले होते, साहेब," तो म्हणाला. "रोहीरावाचं नाव काढलं का बुढा अजून हासते. त्याच्या भाईबंदायनं आमची पऱ्हाटी खाल्ली, तरी हासते."

तो गेल्यावर हेमचंद्ररावांनी वरचा अंक उघडला. कचेरीचं चित्र होतं. उंच आसनावर घुबड, खाली दप्तर घेऊन कोल्हा, दारात ससा. मधे, जिथे रोहीराव उभा असायचा, तिथे कोरा कागद होता. फाटलेला नव्हता, कापलेला नव्हता, उन्हानं विटलेलाही नव्हता. मागच्या बाकाची रेष एका बाजूला थांबत होती आणि थोडी जागा सोडून पुन्हा सुरू होत होती. कचेरीतली सगळी जनावरं त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

त्यांनी दुसरा अंक उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच.

"नत्थुजी," त्यांनी हाक मारली. नत्थुजी छापखान्याचा पहिल्या दिवसापासूनचा कारागीर. "यात रोहीराव कुठी आहे?"

नत्थुजीनं वाकून पाहिलं आणि कोऱ्या कागदावर आपलं शाईचं बोट टेकवलं. "हा काय उभा! नाक वर करून. मजाक करून राहिले का साहेब?"

हेमचंद्रराव हसले. हसणं भागच होतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोपुढे अंक ठेवला. रमाबाई शिकलेल्या, नजरेनं तिखट. "रोहीरावाची कड जरा पेन्सिलीनं गिरवून दे," ते म्हणाले, "नत्थुजीला दगडावर उतरवायला सोपं जाईल." रमाबाईंनी कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवली आणि न थबकता फिरवली. आखूड शिंगं आली, पगडी आली, खांद्याचा उंचवटा आला, कोटाचा घोळ आला. हेमचंद्ररावांनी वाकून पाहिलं. ती वळणं त्यांच्याच हातची होती, आणि आत काही म्हणजे काही नव्हतं.

"नाक अगदी तुमच्यासारखं काढलंय हो," रमाबाई म्हणाल्या. "कुणी म्हटलं नाही का कधी?"

दुसऱ्या दिवशी हेमचंद्ररावांनी स्वतः तेलकट खडू घेऊन घासलेल्या दगडावर रोहीराव काढायला घेतला. हाताला सगळं पाठ होतं. पण रेष खडूच्या मागे क्षणभर काळी दिसायची आणि तापल्या तव्यावरचं पाणी जावं तशी निघून जायची. घाम पुसत ते मागे सरले, तेव्हा पुढ्यातला दगड लख्ख कोरा होता. तेवढ्यात नत्थुजी आला, दगडाकडे पाहून थबकला आणि म्हणाला, "वा साहेब! हा तर पयल्यापेक्षाही झाक उतरला."

खरं तर तिथेच बोलून मोकळं व्हायचं. पण हेमचंद्रराव पडले मानी. चित्रकाराला स्वतःचंच चित्र दिसत नाही हे बाहेर फुटलं असतं, तर अंबागेटापासून मोर्णेपर्यंत लोकांनी दात काढले असते, आणि पुण्याच्या त्या मासिकानं ते पहिल्या पानावर छापलं असतं. नाव गेलं की मागे उरलं काय? त्यांनी मनाशी ठरवलं, की कुणाला काही विचारायचं नाही. काम नत्थुजी करील, आपण मान डोलवू. डोळ्यांचा काही विकार असेल तो जाईल, आणि ग्रंथ हाती आला की आपला रोहीराव आपल्याला पुन्हा दिसेल.

काम झपाट्यानं पुढे सरकलं. हेमचंद्रराव कोऱ्या जागांपुढे उभे राहून "कोटाचा काळा रंग अजून दाट हवा" असं म्हणायचे, आणि नत्थुजी "खरं हाय" म्हणायचा.

मग छापखान्यात एक वास यायला लागला. शाईचा नव्हे, रानातला: ओल्या केसांचा आणि चघळलेल्या पऱ्हाटीचा. हेमचंद्रराव वाकून पानं तपासत असले की मानेवर ऊन वाफ यायची. फरशीवर कधी कडक, कोरडी टकटक व्हायची. चार पायांची नव्हे, दोनच पायांची.

"जरा सरका साहेब," एकदा नत्थुजी म्हणाला, "त्यायले जाऊ द्या."

वाटेत कुणी नव्हतं. हेमचंद्रराव सरकले.

देवीदास ग्रंथ कधी निघतो ते विचारायला आला, तेव्हा त्यानं हेमचंद्ररावांना नमस्कार केला आणि मग खिडकीकडे वळून आणखी एक केला, जरा जास्त वाकून. घरून चहा यायचा, तो दोन कप यायला लागला. हेमचंद्रराव आपला संपवत तोवर दुसराही रिकामा झालेला असायचा. दुसरा कोणाचा, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारणं म्हणजे आपल्याला दिसत नाही हे कबूल करणं. त्यांनी तो प्रश्न गिळला.

पुढे पुढे रमाबाई बोलताना हेमचंद्ररावांच्या किंचित डावीकडे बघू लागल्या. "मुखपृष्ठ लाल असू दे ना?" त्यांनी विचारलं. हेमचंद्ररावांनी तोंड उघडायच्या आतच रमाबाईंची मान हलली, आणि त्या म्हणाल्या, "बरं बाई, हिरवं तर हिरवं."

मुखपृष्ठ हिरवं झालं. ग्रंथ मात्र देखणा निघाला, त्यात शंका नाही. कागद तुळतुळीत, बांधणी दगडासारखी पक्की. पुण्याच्या त्या संपादकापुढे नेऊन आपटावा असा. हेमचंद्ररावांनी पहिली प्रत उघडली. जनावरं होती, कचेरी होती. मधे पानोपानी कोरी जागा होती. त्यांनी प्रत मिटली, छातीशी धरली आणि नत्थुजीला म्हणाले, "फक्कड!"

प्रकाशनाला अकोल्याला जाताना बडनेऱ्याला गाडी बदलली. डबा चिकार भरलेला, तरी त्यांच्या आणि रमाबाईंच्या मधली जागा कुणी मागितली नाही. मूर्तिजापूरला चढलेला एक शेटजी मात्र सरळ हेमचंद्ररावांच्याच मांडीवर बसायला निघाला. ते ओरडले तेव्हा तो दचकून उठला. "माफ करजा भाऊ," तो डोळे चोळत म्हणाला, "ध्यानच नाही गेलं."

मोर्णेकाठचा मांडव दुपारच्या उन्हात नुसता गजबजला होता. पोरं ग्रंथ मांडीवर घेऊन खिदळत होती, पानावर बोटं ठेवून एकमेकांना दाखवत होती. हेमचंद्ररावांचे डोळे भरले. ही आपली पोरं, हे आपलं वऱ्हाड, आणि हे हसू आपण आणलेलं. मानेवरची वाफ, कोरी पानं, सगळं ते त्या घटकेपुरतं विसरले.

व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या. एका कडेला रमाबाई बसल्या, दुसऱ्या कडेला हेमचंद्रराव. मधली रिकामी होती.

महादेवराव बोलायला उठले. "पुण्या-मुंबईले जमलं नाही ते आपल्या अमरावतीनं केलं," ते गरजले. "ज्यायनं हा ग्रंथ केला, ते ग्रंथकर्ते आज आपल्यात बसले आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमचंद्रराव हात जोडून उभे राहिले.

झेंडूचा जाड हार घेऊन महादेवराव आले. ते हेमचंद्ररावांच्या अंगावरून पुढे गेले, मधल्या खुर्चीपुढे वाकले आणि त्यांनी हार सोडला.

हार पडला नाही.

तो हवेतच राहिला, रुंद खांद्यांवर पसरावा तसा. पाकळ्या जराजरा वर-खाली होत होत्या, श्वासाबरोबर होतात तशा.

"महादेवराव," हेमचंद्रराव म्हणाले.

महादेवराव टाळ्या वाजवत होते.

"अहो महादेवराव! ग्रंथकर्ता मी आहे!"

पुढच्या रांगेतल्या कुणी मानही वळवली नाही. फुलं वाटणारी मैनाबाई टोपली घेऊन वर चढली आणि हेमचंद्ररावांच्या खुर्चीपाशी थांबली. "इथं कोनी बसून राहिलं का जी?" तिनं विचारलं.

"नाही बाई, ते जास्तीची मांडली," महादेवराव म्हणाले. "ठेव तू."

तिनं टोपली खुर्चीत ठेवली.

हेमचंद्रराव रमाबाईंपुढे जाऊन उभे राहिले. कुणाला नाही तरी हिला मी दिसेनच. इतक्या वर्षांचा संसार. आता मान कशाचा आणि अपमान कशाचा. "रमा," ते म्हणाले, "मला तो दिसत नाही. पहिल्यापासून दिसत नाही. तुला सांगितलं नाही मी."

रमाबाईंनी मान वर केली. त्यांची नजर त्यांच्यातून आरपार गेली आणि हारावर येऊन थांबली.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडीची वेळ झाली. निघू या ना?"

हार उठला. लाकडी पायऱ्यांवर दोन पायांची टकटक झाली. गर्दीनं दोन्ही बाजूंना सरून वाट दिली, आणि म्हातारेकोतारेही वाकून नमस्कार करू लागले.

मांडवाच्या टोकाला रमाबाई थांबल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, टाचा उंचावल्या आणि आपल्या डोक्याच्याही वर, हवेत, काहीतरी हळूच पुसलं. मग काही ऐकल्यासारख्या त्या लाजून हसल्या.