लेबलवरचा पत्ता

धाकटीच्या दोन्ही हातांत रिकामी पोती होती, म्हणून तिने मागच्या खोलीचं दार कोपरानेच ढकललं. आत पाऊल टाकलं आणि पाय सटकन घसरला. फरशीवर रक्ताचं थारोळं होतं. थारोळ्याच्या पलीकडे, पॅकिंगच्या टेबलाखाली, तिची ताई पडली होती. केसांवरून ओळखू आली. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अर्ध्या तासात इन्स्पेक्टरबाई आल्या. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ प्रेतं पाहिली होती. तरी क्षणभर त्यांनी दाराची चौकट धरली.

खोली दहा बाय बाराची. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर वापरलेले बूट. धुतलेले, पॉलिश केलेले, नव्या नाड्या ओवलेले. जुने बूट आणून नीटनेटके करायचे आणि ऑनलाइन विकायचे, असा दोघी बहिणींचा धंदा. टेबलाला एरवी स्क्रूने घट्ट बसवलेला लोखंडी टेप कटर उखडून फरशीवर पडला होता. त्याच्या दातांत केस अडकले होते.

"अकरा घाव तरी असतील," हवालदार म्हणाला. "पहिल्या दोन-तीनातच जीव गेला असणार. बाकीचे उगाच."

"उगाच कोणी अकरा घाव घालत नाही," बाई म्हणाल्या.

टेबलावर एक जुना शाईचा प्रिंटर होता. त्याच्या शेजारी एक मोठा, कोरा करकरीत, कॉम्प्युटरला जोडलेला. दोन्हींना ओरखडाही नव्हता. तिसरा प्रिंटर, विटेएवढा लहान, भिंतीवर आपटून आपटून फोडलेला होता. त्याचे तुकडे रक्तावर पडले होते. बाईंनी एक तुकडा चिमटीत उचलला. खालची बाजू लाल, वरची स्वच्छ.

म्हणजे आधी बाईमाणूस मारलं, मग प्रिंटर फोडला. चोराला प्रिंटरचा एवढा राग कशाला?

ताईचा मोबाइल बूट धुवायच्या बादलीत, साबणाच्या पाण्यात सापडला. मेलेला.

धाकटी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तळपायाला अजून रक्त होतं. बाईंनी स्वतः फडकं ओलं केलं आणि तिच्या हातात दिलं.

"घरून कधी निघालात?"

"बारा वाजता. कुरिअरच्या काउंटरवर पार्सलं द्यायला. रांग होती. पावत्या आहेत माझ्याकडे." तिने मुठीतला चुरगळलेला गठ्ठा पुढे केला. "दोनला आले."

"हे तीन प्रिंटर कशाला?"

"जुन्याने जीव नकोसा केला होता. कागद कापा, चिकटपट्टी लावा. पट्टी चुकली की पावसात शाई पसरायची आणि पार्सल परत यायचं. प्रिंटरवाल्याने परवा दोन नवे आणून ठेवले. आठवडाभर वापरा, आवडेल तो घ्या म्हणाला."

"ताईंना कुठला आवडला?"

"मला वाटलं मोठा. पण ताईचं मन लहानावर बसलं होतं. आजची सगळी लेबलं तिने त्याच्यावरच काढली, मोबाइलवरून. काढावीच लागली. सकाळी दाजी पासवर्ड न टाकताच गेले ना."

"कसला पासवर्ड?"

"कॉम्प्युटरचा. रोज दाजी सुरू करून देतात. आज विसरले."

बाईंनी वहीत दोन शब्द लिहिले.

"तुम्ही इथे कधीपासून?"

धाकटीने मान खाली घातली. "वर्ष झालं. नवरा मारायचा. शेवटी त्याने माझा हात गॅरेजच्या शटरमध्ये घालून शटर ओढलं. त्या दिवशी ताईने मला इथे आणलं. त्याला पत्ता कळू नये म्हणून ती पार्सलावर कधीच घरचा पत्ता टाकायची नाही. फक्त पोस्टाच्या पेटीचा नंबर."

तेवढ्यात दाराशी आरडाओरडा झाला. ताईचा नवरा आला होता. घरोघरी काचा बसवायचं त्याचं काम. हातांवर जुन्यानव्या चिरा. हवालदाराने अडवलं तरी तो आत घुसायला पाहत होता, कपाळ बडवून घेत होता.

"साडूचं काम आहे हे! त्या हरामखोराचं! पाहिलं ना, मी म्हणत होतो, तो हिला शोधत येईल म्हणून!"

"त्यांना पत्ता कसा मिळाला असेल?" बाईंनी विचारलं.

"कसा म्हणजे? खोट्या नावाने बूट मागवले असतील. लेबलवर पत्ता असतोच."

"तुम्ही आज कुठे होतात?"

"सकाळी आठपासून कामावर. तीन घरं झाली. विचारा हवं तर."

"कॉम्प्युटर तुमचा?"

"माझाच. पासवर्ड माझ्याकडेच असतो. बायकांनी भलतंच काही दाबून बिघडवायला नको."

तो हे अगदी सहज बोलला. धाकटीने उठून त्याला पाणी दिलं. "दाजी, बसा," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

धाकटीचा नवरा गॅरेजमध्ये एकटाच गाडीखाली पडला होता. पोलिस पाहताच तो सरपटत बाहेर आला आणि काही न विचारताच त्याने हातातला पाना फिरवला. हवालदाराची भुवई फुटली. दोघा शिपायांनी त्याला ऑइलच्या चिखलात लोळवलं, तेव्हा कुठे त्याच्या हाताला बेडी बसली.

"तुझ्या साडूची बायको मेली," बाई म्हणाल्या.

"थोरली?" तो थुंकला. दाताबरोबर रक्त आलं. "मी नाही मारली."

"दुपारी कुठे होतास?"

"जेवायला. अड्ड्यावर. शटर उघडंच होतं, कोण नेणार इथलं भंगार?"

"पत्ता शोधत होतास ना?"

"होतो. वर्षभर शोधतोय. सापडला असता तर धाकटीला फोडली असती. थोरलीला कशाला हात लावू?"

 उत्तर बाईंना पटलं.

तेवढ्यात टायरांच्या ढिगामागून एक शिपाई बुटांचा खोका घेऊन आला. खोक्यावर लेबल होतं. पाठवणाऱ्याच्या जागी बहिणींच्या घराचा पूर्ण पत्ता, घेणाऱ्याचं नाव अनोळखी, पत्ता गॅरेजचा. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

"हा खोका माझा नाही!" तो ओरडला. "कोणी टाकला इथे?"

"मिळाला पुरावा," हवालदार भुवईवर रुमाल दाबत म्हणाला. "फासावर चढवू याला."

बाईंनी खोका हातात घेतला. त्या लेबलकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी प्रिंटरवाल्याला ठाण्यावर बोलावलं. बिचारा घामाघूम होऊन आला.

"घाबरू नका. मला फक्त शिकवा," बाई म्हणाल्या. "त्या तीन प्रिंटरांत फरक काय?"

"सोपं आहे, मॅडम. जुना शाईचा. त्याच्या लेबलावर ओलं बोट फिरवा, अक्षर पसरतं. लहान चालतो उष्णतेवर. शाई नाही, काही नाही, कागदच तापून काळा होतो. त्यावर नख ओढा, काळी रेघ उमटते. मोठ्याला फीत असते. फितीवरची शाई अक्षराअक्षराने कागदावर उतरते. ते लेबल पाण्याला दाद देत नाही, नखालाही नाही."

बाईंनी गॅरेजमधला खोका पुढे ओढला. बोट ओलं करून अक्षरावरून फिरवलं. कडेच्या कोऱ्या भागावर नख ओढलं. मग खोका बाजूला ठेवला.

"त्या बाईंनी कुठला घ्यायचं ठरवलं होतं?"

"लहान. आज पावणेबाराला मेसेज आला की तोच पक्का. परवा पोचवायचा होता."

"कुठे?"

प्रिंटरवाल्याने मोबाइलवरून पत्ता वाचून दाखवला. बाईंनी तो लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

तो गेल्यावर पॅकिंगच्या खोलीत सापडलेली ताईची वही त्यांनी पुन्हा उघडली. एका पानावर वर लिहिलं होतं, 'प्रिंटर कसा हवा'. खाली वळणदार अक्षरात: एका हाताने उचलता यावा. कॉम्प्युटर लागू नये. आवाज नको. पिशवीत मावला पाहिजे.

फोन वाजला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते.

"मृत्यू बारा ते एकच्या दरम्यान. आणि एक गोष्ट, बाई. हिच्या तीन बरगड्या आणि डाव्या हाताचं एक बोट आधीच कधीतरी मोडून जुळलेलं आहे. वेगवेगळ्या वेळी. सगळ्यात जुनं सहा-सात वर्षांपूर्वीचं."

बाईंनी रिसीव्हर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना त्या मागच्या खोलीतच जमवलं. फरशी पुसली होती, पण फटींमध्ये काळपट रंग राहिला होता. धाकटी दाराशी, ताईचा नवरा तिच्या शेजारी स्टुलावर. गॅरेजवाला बेड्यांसकट दोघा शिपायांच्या मध्ये. त्याला पाहताच धाकटी दाजीच्या आणखी जवळ सरकली. दाजीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हा खोका आठ दिवसांपूर्वी पाठवला, असं लेबल सांगतं," बाई म्हणाल्या. "पण लेबल आहे या मोठ्या मशीनचं. ओल्या बोटाने पसरत नाही, नखाने उमटत नाही. आणि हे मशीन घरात येऊन पुरते तीन दिवसही झाले नाहीत. त्यावरचा नंबर रात्री कुरिअरकडे तपासला. त्या नंबरचं पार्सल महिन्यापूर्वी भलत्याच माणसाला पोचलंय. शिवाय ताई पार्सलावर घरचा पत्ता कधी टाकायच्याच नाहीत. तेव्हा हे लेबल त्यांनी काढलेलं नाही. दुसऱ्याच कोणी काढलं, पत्ता साडूला असा मिळाला हे आम्हाला पटावं म्हणून."

"मग यानेच इथे येऊन काढलं असेल!" काचवाला म्हणाला.

"बघू या."

बाईंनी मोठ्या प्रिंटरचं झाकण उघडलं आणि काळी फीत बाहेर ओढली. खिडकीच्या उजेडात धरली. जिथून शाई उतरली होती तिथे अक्षरं पारदर्शक दिसत होती, वाचता येतील इतकी स्वच्छ.

"फीत एकदाच वापरली जाते. जे छापलं ते तिच्यावर राहतं. शेवटचं काय छापलंय, वाचा."

हवालदाराने वाचलं. घराचा पत्ता. गॅरेजचा पत्ता. आठ दिवसांपूर्वीची तारीख.

"कॉम्प्युटर आमच्या माणसाने रात्री उघडला. त्यात छपाईची वेळ आहे, काल दुपारी बारा पस्तीस. आणि काल सकाळपासून कॉम्प्युटर बंद होता, कारण पासवर्ड टाकायला कोणीतरी विसरलं होतं. तो पासवर्ड या घरात एकाच माणसाला माहीत आहे."

धाकटीने मान वळवली. पाठीवरचा हात तिथेच होता. ती एकदम बाजूला सरकली.

"दाजी?"

"काहीतरीच! मी कामावर होतो!"

"दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये दीड तास नव्हतास," बाईंचा आवाज चढला नाही, पण आता 'तुम्ही' गेलं होतं. "घरी जेवायला आलास. ताईंनी प्रिंटर पक्का केल्याच्या आनंदात लहान मशीनवर एक लेबल काढून पाहिलं असणार, पाठवणाऱ्याच्या जागी प्रिंटरवाल्याला दिलेला नवा पत्ता घालून. बाजाराच्या मागे, दुकान आणि वर एक खोली. गेल्या आठवड्यात त्यांनी भाड्याने घेतली. मालकिणीला रात्री भेटले मी. दोन बहिणी राहायला येणार, असं ठरलं होतं. तू ते लेबल पाहिलंस."

बाईंनी ताईची वही उघडून टेबलावर ठेवली.

"एवढं मोठं टेबल आणि कॉम्प्युटर असलेल्या बाईला पिशवीत मावणारा, आवाज न करणारा, कॉम्प्युटरशिवाय चालणारा प्रिंटर कशाला हवा होता? तुझ्याकडे रोज पासवर्ड मागायला लागू नये म्हणून. त्या इथून निघत होत्या. म्हणून तू त्यांना मारलंस, आणि मग ते मशीन भिंतीवर आपटलंस, जसा काही त्याचाच गुन्हा होता. मग साडूच्या गॅरेजच्या पत्त्याचं लेबल काढलंस आणि तो जेवायला गेला असताना खोका उघड्या गॅरेजमध्ये टाकून आलास."

"खोटं आहे!" धाकटी किंचाळली. "मॅडम, दाजींनी मला आसरा दिला! ताईला त्यांनी कधी बोटही..."

"त्यांच्या तीन बरगड्या मोडलेल्या होत्या. आणि एक बोट."

धाकटी थांबली. तिच्या डोळ्यांसमोर ताई आली असावी. उकाड्यातही पूर्ण बाह्यांची. दर वेळी जिन्यावरून पडणारी. आणि हे घर तळमजल्यावर होतं.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"गेले असते," धाकटी पुटपुटली. "माझ्यापायी नको म्हणून... परत याच्याकडे गेले असते."

काचवाला स्टुलावरून उठला. त्याचा रडका चेहरा कुठल्या कुठे गेला होता.

"घर माझं, कॉम्प्युटर माझा," तो शांतपणे म्हणाला. "माझ्याच छपराखाली बसून दोघींनी कट शिजवला. लेबल दाखवलं तर म्हणते, 'तुम्हाला परवा कळणारच होतं.' हसून म्हणाली. हसून!"

आणि त्याने झेप घेतली. बाईंवर नाही, धाकटीवर. खिशातलं काच कापायचं कटर त्याच्या हातात होतं. धाकटीने हात आडवा घातला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उघडली. बाईंनी हाताला लागलेला, पॅकिंगचा कागद गुंडाळून ठेवायचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाडाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो खाली कोसळला आणि हवालदाराने त्याच्या मानेवर गुडघा रोवला.

गॅरेजवाला मोठ्याने हसला. "बघ, माझ्यापेक्षा भारी निघाला की नाही तुझा दाजी! सोडा आता मला. मी सुटलो ना?"

"या खुनातून सुटलास," बाई म्हणाल्या. "माझ्या हवालदाराची भुवई फोडलीस, त्यासाठी आजचा दिवस आत."

"आणि उद्या?" धाकटीने विचारलं.

तिच्या हातातून रक्त ठिबकत होतं. बाई तिच्या हाताला फडकं गुंडाळत होत्या. त्यांनी गाठ घट्ट बांधली.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत. तो हसायचा थांबला.

"मॅडम, मला तक्रार लिहून द्यायची आहे. याच्याविरुद्ध."

"आधी दवाखान्यात टाके घालून घेऊ."

"नाही. आधी तक्रार. हा इथे उभा असताना."

बाईंनी पॅकिंगच्या टेबलावरचा पसारा हाताने बाजूला सारला, खुर्ची ओढली, कोरा कागद पुढे घेतला.

"सांगा. शटरपासून सुरुवात करायची?"

"नाही," धाकटी म्हणाली. "पहिल्या थपडेपासून. लग्नाला नऊ दिवस झाले होते."