पुढचं शून्य

"तुमचा कॅल्क्युलेटर खोटं बोलतोय, नाहीतर आमचे मास्तर. चारच्या आत काय ते येऊन सांगा."

एवढं बोलून रंगकारखान्याच्या मॅनेजरांनी फोन आपटला.

खुसपटबाई चरफडत उठल्या. प्रोग्रॅमर लोकांसाठी कॉम्प्युटरवरचा कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपनीत त्या चाचणीचं काम करायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खुसपटं काढायची, म्हणून हे नाव. अकरा वर्षांत त्यांना एकच गोष्ट कळली होती. तक्रार करणारा प्रत्येक जण म्हणतो, "मी काही केलं नाही, आपोआप झालं." या वाक्याचा त्यांना वीट आला होता.

त्या वजनघरात पोचल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. वजनकाटा, रंगाचे डबे, कोपऱ्यात कॉम्प्युटर. टेबलावर लाल व्हायला हवं होतं ते कापड गुलाबी होऊन पडलं होतं. शेजारी एक टाइप केलेला कागद होता. रंगमास्तरांचा राजीनामा. फक्त सही व्हायची होती.

"सोमवार-मंगळवार मिळून तीन लॉट वाया गेले," मॅनेजर म्हणाले. "तिन्ही वेळा रंग कमी पडला. सव्वीस वर्षं काम केलंय मास्तरांनी, म्हणून गुरुवारपर्यंत थांबलो."

मास्तर खिडकीशी उभे होते. त्यांनी वाया गेलेल्या लॉटची कार्डं पुढे केली. एका ताग्याला किती ग्रॅम रंग, ते प्रत्येक कार्डावर चार आकड्यांत लिहिलं होतं. ०१४४, ०२५०, ०३६०.

"पुढे शून्य कशाला?"

"मागाहून कोणी पुढे आकडा घुसडू नये म्हणून. जुनी पद्धत आहे. मी जसंच्या तसं टाइप करतो, ताग्यांनी गुणतो, छापतो आणि कार्डाला टाचतो."

बाईंनी पहिल्या कार्डाचा कागद पाहिला. ०१४४ गुणिले ३७. उत्तर ३७००. त्याच्या वर आणखी दोन ओळी छापल्या गेल्या होत्या. ०७५५ म्हणजे ४९३. ०६४४ म्हणजे ४२०.

"या कुठल्या रंगाच्या?"

"माझ्या नाहीत. सोमवारी मी आलो तेव्हा पडद्यावर होत्याच."

"आणि हे ३७००? पाच हजारांच्या वर यायला हवं. खटकलं नाही तुम्हाला?"

"खटकलं," मास्तर म्हणाले. "आयुष्यभर तोंडी हिशेब केला. सहा महिन्यांपूर्वी साहेब म्हणाले, तोंडी बंद, कॉम्प्युटर म्हणेल ते खरं. मग मला वाटलं, माझंच डोकं गेलं. बायकोने उद्या डॉक्टरची वेळ घेतलीय."

बाईंनी खुर्ची ओढली आणि तोच गुणाकार टाइप केला. ५३२८. बरोबर! पुन्हा केला. दहादा केला. दरवेळी बरोबर.

"बघा," मॅनेजर म्हणाले आणि पेन राजीनाम्यावर ठेवलं.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. छापलेला कागद खोटा नव्हता आणि पडदाही खोटा नव्हता. मग खोटं होतं तरी काय?

"त्या दोन दिवसांत मास्तरांचे कुठले लॉट नीट आले?"

दोन कार्डं निघाली. ०१८५ आणि ००९६.

"माझे तर सगळेच नीट आले," दारातून आवाज आला. दुसऱ्या पाळीची मास्तरीण. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली, आणि मास्तर गेले की जागा तिचीच.

"तुमचे कसे नीट आले?"

"कसे म्हणजे? काका ती शून्यं मारत बसतात, मला कंटाळा येतो. पुढच्या शून्याला काय किंमत असते?" मग ती एकदम तापली. "काकांच्या जागेवर माझा डोळा आहे असं वाटत असेल, तर वाटू दे. पण अशी नकोय मला ती."

बाई कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या. हा मॅनेजरांचा मेव्हणा. त्याच्या टेबलावर झाकण काढलेलं मशीन होतं, आणि भिंतीवर शाईचे डाग पडलेली आकड्यांची चिठ्ठी.

"वजनघरात आमचा कॅल्क्युलेटर तुम्ही घातलात?"

"सहा महिन्यांपूर्वी. माझ्या आवडीचा आहे."

"त्यानंतर?"

"हातही लावला नाही. माझंच मशीन सोमवारपासून उघडं पडलंय, दुसऱ्यांचं कुठे बघू? काहीतरी आपोआप झालं असेल."

आपोआप! बाईंनी दात आवळले, चिठ्ठी वाचली आणि त्याला सोबत घेऊनच परतल्या. चारला दहा मिनिटं होती.

"प्रोग्रॅमर लोकांची एक जुनी खोड आहे," त्या म्हणाल्या. "आकड्यापुढे शून्य असलं, की तो दहाच्या नाही, आठाच्या पटीत मोजायचा. मग ०१४४ म्हणजे एक चौसष्ट, चार अठ्ठे बत्तीस आणि वर चार. किती?"

"शंभर," मास्तर म्हणाले. लगेच. तोंडी.

"आणि शंभर गुणिले सदतीस, तीन हजार सातशे. आठाच्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. त्यामुळे ०१८५ आणि ००९६ दिसले, की आमचा कॅल्क्युलेटर मुकाट्याने साधं मोजतो. ते लॉट वाचले. मास्तरीणबाई शून्य मारत नाहीत, त्याही वाचल्या. पण ही सोय एरवी बंद असते. ती कोणीतरी चालू केली आणि नंतर बंद केली."

"कोणी?"

"ज्याला लागते त्याने. कुठली फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, याचे आकडे आठाच्याच पटीत लिहितात. ०७५५, ०६४४. मास्तरांच्या कागदावर छापलेत आणि तुमच्या मेव्हण्याच्या भिंतीवरही आहेत. स्वतःचं मशीन उघडं पडलं, म्हणून सोमवारी सकाळी हे इथे येऊन बसले."

मेव्हणा पुढे आला.

"दाजी, मंगळवारी संध्याकाळी लक्षात आलं माझ्या. लगेच बंद केलं सगळं."

"आणि तोंडही बंद केलंस," मॅनेजर म्हणाले.

"वाटलं, पुढचे लॉट नीट येतील, मिटेल."

"मिटतच होतं," बाई कडाडल्या. "मास्तरांच्या सहीवर!" मग त्यांचा आवाज उतरला. "चूक माझीही आहे. ही सोय मीच पास केली. सोय चालू आहे हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसायला हवं, एवढं खुसपट काढायचं राहिलं."

मॅनेजरांनी राजीनामा फाडला. "उद्यापासून आधी तोंडी, मास्तर. मग कॉम्प्युटर," ते पुटपुटले. माफी मागणं काही त्यांना जमलं नाही.

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फोन कानाला लावून खिडकीकडे वळले होते.

"अगं, उद्याची डॉक्टरची वेळ रद्द कर. नाही, खरंच. थांब, तू विचार मला. एकशे चव्वेचाळीस गुणिले सदतीस किती, असं विचार."

पलीकडून तिने विचारलं असावं.

"पाच हजार तीनशे अठ्ठावीस," मास्तर म्हणाले. तोंडी.