वाकडं अंगण

“माझा ड्रायव्हर चोरीला गेलाय, बाई. चारच्या आत सापडला न्हाय तर सगळं संपलं.”

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता दारात उभं राहून त्या मुलीनं हे सांगितलं आणि नारायणरावांच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. मुलगी नळदुर्गची, तिथून हैदराबादचा रस्ता जातो, रात्रंदिवस ट्रक धावतात. त्यांनी लगेच निदान केलं.

“म्हणजे माणूसच पळवला की! अन् ट्रक कुठंय मग?”

मुलीला रडूच फुटलं.

“गुरुजी, तुम्ही पोहे खा,” शिवकांताबाई म्हणाल्या. “ती गोल्फच्या काठीबद्दल बोलतेय. पाठीवरची काठ्यांची रिकामी पिशवी बघा तिच्या.”

नारायणरावांनी पिशवी पाहिली. मग तिचे हात पाहिले. दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

नारायणराव तुळजापुरातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शिवकांताबाईंनी तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांचे जबाब उतरवून घेतले होते, आणि खरं बोलणारा माणूस कुठं अडखळतो हे त्यांना तिथंच कळलं. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. नारायणराव त्यांचे मदतनीस, म्हणजे स्कूटर त्यांची आणि चुकीचे तर्कही त्यांचेच.

मुलीचं नाव सृष्टी, वय सतरा. नळदुर्गजवळ हमरस्त्यावर भावाचा ढाबा, ढाब्यामागं मुरमाड रान. त्या रानात सिद्धारामकाकांनी तिला गोल्फ शिकवला होता. काका नात्यातले नव्हेत, शेजारचे. बावीस वर्षं पुण्याच्या एका मैदानावर त्यांनी साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहिली आणि वाहता वाहता खेळ डोळ्यांनी उचलला. उद्या पुण्यात अठरा वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी होती. पुढच्या महिन्यात सृष्टीला अठरा पूर्ण होणार, म्हणून ही शेवटचीच संधी. गाडी नळदुर्गहून चार वाजता.

“ड्रायव्हर म्हंजी पहिल्या लांब फटक्याची काठी,” ती डोळे पुसत म्हणाली. “मोठ्या डोक्याची. काकांनी दिलीय मला. एका साहेबानं जाताना त्यांना दिली होती.”

“दुसरी नाही?”

“हाय. दादानं यंदाचं नवीन मॉडेल आणलंय. पण मी हात न्हाय लावला. काकांना काय वाटंल? आन् नवीन घेऊन तरी काय करू? तीन आठवडे झाले, फटकाच गेलाय माझा. चेंडू सरळ जात न्हाय, लांब जात न्हाय. आधी टण्ण वाजायचं, आता थप्प वाजतं. काकांना सांगितलं, तर म्हणले, नाचता येईना अंगण वाकडं. रोज दोनशे फटके मारायला लावले. हात सोलले, तरी तेच. खरंय त्यांचं, माझा हातच गेला. आता काठी बी गेली. न्हाय सापडली तर मी जातच न्हाय पुण्याला.”

हे ती रडून सांगत नव्हती, आणि तेच नारायणरावांना सोसेना. मुलं रडतात तोवर ठीक असतं, एवढं चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कळलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि स्कूटरची किल्ली घेतली.

काठ्या होत्या ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. काल खंडेनवमी, त्यामुळं घरातली सगळी हत्यारं तिथं पूजेला मांडलेली: कोयते, पंपाचे पान्हे, गवत कापायचं यंत्र, आणि भिंतीला टेकवून गोल्फच्या काठ्या. शेडला नुसती कडी, कुलूप नाही. दारात सृष्टीची आई कमलबाई ठाण मांडून बसली होती.

“सातला ही वरडली, तवापासून म्या हितंच हाय. कुणाला पाय टाकू दिला न्हाय.”

शिवकांताबाई चपला काढून आत गेल्या. काठ्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिथल्या झेंडूवर तांदळाचे चार-पाच कुंकवानं माखलेले दाणे पडले होते. बाकी कुठंच नव्हते.

“कमलबाई, काल अक्षता वाहिल्या होत्या?”

“न्हाय बा. काल हळदकुंकू आन् फुलं. अक्षता आज, हत्यारं उठवताना. अक्षता टाकून हात जोडल्याबगर पूजेतलं उचलायचं नसतंय. वाटी भरून ठिवलीया कोपऱ्यात.”

“उंदरानं सांडल्या असतील,” नारायणरावांनी सुचवलं.

बाई पुढच्या काठीकडं वळल्या. हाच तो नवा ड्रायव्हर. त्याच्या चकचकीत डोक्यावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं, मुठीला मात्र निळी कापडी पट्टी घट्ट गुंडाळलेली. बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि सृष्टीकडं पूजेचा फोटो मागितला.

फोटो काल सकाळी आठचा होता. त्यात नवा ड्रायव्हर डोक्यापासून मुठीपर्यंत प्लॅस्टिकमध्ये होता. शेजारी जुना, काळवंडलेला. त्याच्या तोंडावर, म्हणजे चेंडू जिथं आपटतो तिथं, कमलबाईंनी ओल्या कुंकवाचं बोट लावलं होतं. बाईंनी फोटो मोठा केला. त्या बोटापासून डावी-उजवीकडं केसासारखी एक तांबडी रेघ गेली होती.

“कुंकू ओघळलंय,” नारायणराव म्हणाले.

“हं,” बाई म्हणाल्या.

सृष्टीचा भाऊ कुलदीप ढाब्याच्या गल्ल्यावर होता. तो आधीच तापलेला.

“व्हय, भांडलो मी तिच्यासंगं. एवढं नवीन आणलं, ते काय शोकेसला ठिवायचं? त्या जुन्या काठीचं खूळ घालव म्हणलं. पण चोरी कशाला करीन? मोडायची असती तर तिच्या देखत मोडली असती.”

“काल शेडमध्ये गेला होतात?”

“गेलो की. दुपारी पंप बंद पडला. पान्हा घेतला, पंप दुरुस्त केला, पान्हा ठिवला. आई वरडली, पूजेतला पान्हा तसाच उचलला म्हणून. पिकाला पाणी पायजे का अक्षता?”

“ही मुठीची पट्टी कुणी गुंडाळली?”

“कसली पट्टी?” कुलदीपनं विचारलं.

पलीकडच्या खाटेवर चहा पीत बसले होते सोलापूरच्या खेळसाहित्याच्या दुकानाचे शिवप्रसाद. नवा ड्रायव्हर त्यांच्याच दुकानातला. काल पूजेला येऊन ते परत गेले होते आणि आज मुलीला निरोप द्यायला पुन्हा आले होते. निरोपाबरोबर मोठा कॅमेराही आणला होता.

“यंदाच्या मॉडेलमध्ये बघा मॅडम, तोंड कार्बनचं. फटका कडेला लागला तरी चेंडू सरळ. पंधरा यार्ड जास्त! नळदुर्गची मुलगी यंदाच्या मॉडेलनं खेळली, हा फोटो दुकानात लावला की काम झालं. म्हणून तर सांगितलंय, ते प्लॅस्टिक कुणी काढू नका. फोटोत नवेपणा दिसला पाहिजे. हात लावू नका म्हटलं कुणी!”

बाहेर येताच नारायणरावांनी निकाल दिला. “हाच. जुनी काठी गेली की नवीचा फोटो. सरळ आहे.”

“फार सरळ आहे, गुरुजी,” बाई म्हणाल्या. “आणि याला मुठीवरचं प्लॅस्टिक निघालंय हेसुद्धा अजून माहीत नाही.”

साडेबारा झाले होते. सृष्टी शेडच्या पायरीवर बसून तळव्याची पट्टी उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आईनं ताट वाढून आणलं, ते तिनं बाजूला सारलं. नारायणरावांनी घड्याळाकडं बघायचं टाळलं.

सिद्धाराम रानाच्या टोकाला बाभळीखाली सापडले. वाळलेलं शरीर, डोक्याला टॉवेल. जवळ फांदीला त्यांची जुनी कॅनव्हासची पिशवी टांगलेली, तिच्यात पंचवीसेक मोडक्यातोडक्या काठ्या. हातातल्या एका काठीच्या मुठीला ते निळी पट्टी गुंडाळत होते. बाई दिसल्यावर त्यांचा हात थांबला.

“नव्या काठीबद्दल तुमचं काय मत, सिद्धाराम?”

“माझं मत समद्यास्नी ठावं हाय. दरसाल नवीन येतंय. दरसाल पंधरा हात लांब म्हणतेत. त्या हिशेबानं आतापावेतर चेंडू हैदराबादला जायाला पायजे व्हता.” ते हसले, पण हसणं टिकलं नाही. “हत्याराला दोष देणारा खेळाडू न्हवं, हे म्या तिला पैल्या दिवशी सांगितलंय.”

“मग आता तिनं काय करावं?”

सिद्धारामांनी पट्टीचं टोक दाबून बसवलं. “आता काय... नवीन घिऊन जाईल. चांगली हाय तशी. तोल बराबर हाय तिचा.”

नारायणरावांना वाटलं, म्हातारा बिचारा खचला. परतताना ते तसं म्हणालेही.

“खचलेत खरे,” बाई म्हणाल्या. “पण काठी चोरीला गेली म्हणून नाही. सगळ्यांना शेडमध्ये बोलवा.”

सगळे जमले. सिद्धाराम सर्वांत शेवटी आले आणि दाराशीच थांबले. बाईंनी कोर्टात उभं राहावं तसं हात मागं बांधले.

“चोरानं काठी उचलण्याआधी तिच्यावर अक्षता वाहिल्या. चार दाणे झेंडूवर पडलेत. एवढी पूजा करून चोरी करणारा माणूस काठीचा वैरी नसतो. कुलदीपनं काल पान्हा उचलला, तेव्हा त्याला अक्षता आठवल्या नाहीत. काठीला आठवल्या असत्या?”

कुलदीपनं मान खाली घातली.

“दुसरी गोष्ट. काल आठ वाजता नव्या काठीची मूठ प्लॅस्टिकमध्ये होती. आज तिला निळी पट्टी आहे. सकाळी सातपासून कमलबाई दारात आहेत. म्हणजे पट्टी चोरीच्या आधी लागली, किंवा चोरीच्याच वेळी. ज्यानं जुनी नेली, त्यानंच नवी सृष्टीच्या हातासाठी तयार करून ठेवली. शिवप्रसादांना तर प्लॅस्टिकला हातही नको होता.”

“अहो, मुठीचं काढलं?” शिवप्रसाद दचकले. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही.

“अशी पट्टी मी आज बाभळीखाली पाहिली.”

सृष्टी उठून उभी राहिली. “काका? काका न्हाय नेणार. त्यांनीच तर दिली मला!”

“म्हणूनच मलाही कारण सापडत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “ते या फोटोत आहे. गुरुजी म्हणाले, कुंकू ओघळलं. ओघळलेलं कुंकू खाली येतं. काठी उभी आहे, आणि रेघ आडवी गेलीय. कुंकू ओघळलं नाही, आत शिरलं. काठीला तडा आहे. डोळ्यांना न दिसणारा तडा कुंकवानं दाखवला. टण्ण वाजायचं ते थप्प वाजायला लागलं, ते या तड्यामुळं. तीन आठवड्यांपूर्वीच.”

रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“सिद्धाराम, तुमच्या पिशवीत पंचवीस काठ्या आहेत. काठी लपवायला याहून बरी जागा कुठली? आणता?”

सिद्धाराम गेले आणि घेऊन आले. काठी धुतलेल्या पंच्यात गुंडाळली होती. ती त्यांनी सृष्टीपुढं धरली, पण बोलले जमिनीकडं बघून.

“काल नमस्काराला वाकलो. म्हणलं कुंकू पसरलंय, पुसावं. अंगठ्यानं पुसलं, फडक्यानं पुसलं, रेघ काय जाईना. तवा कळलं. पोरगी सांगत व्हती, काका, आवाज बदललाय. म्या ऐकलं न्हाय. म्या तिला म्हणलं, अंगण वाकडं. दोनशे फटके रोज. रगत आलं तरी म्हणलं, मार. बावीस वर्सं काठ्या पुसल्या म्या. आन् हिच्या काठीचा तडा मला दिसला न्हाय. कोणत्या तोंडानं सांगू? म्हणलं, गपचिप न्यावी. चोरी झाली म्हणतील, पोरगी नवीन घील, माझी बी इज्जत ऱ्हाईल.”

“काठी तुम्ही बदललीत,” शिवकांताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा असा कडक आवाज नारायणरावांनी क्वचितच ऐकला होता. “पण आपला हात गेला, हे तिच्या मनातलं तसंच ठेवलंत. ते घेऊन ती उद्या उभी राहिली असती. राहिलीच असती तर.”

सृष्टीनं काठी हातात घेतली. तड्यावरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं.

“तीन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवडे मी रोज झोपताना स्वतःला शिव्या दिल्या, काका.”

नारायणरावांना एकदम आपल्या वर्गातली दोन-चार पोरं आठवली, छड्या खाल्लेली, आणि त्यातलं एक तरी बरोबर सांगत होतं का, हे आता कुणाला विचारायचं, ते त्यांना कळेना.

मुलीनं जुनी काठी परत पूजेत ठेवली. वाटीतल्या अक्षता घेऊन नव्या काठीवर टाकल्या, हात जोडले, मग काठीच्या डोक्यावरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. शिवप्रसादांनी खाली पडलेलं प्लॅस्टिक उचललं. ती रानात गेली, चेंडू ठेवला, पट्ट्या बांधलेल्या हातांनी मूठ धरली आणि मारला.

टण्ण!

चेंडू कुठं पडला ते नारायणरावांना दिसलं नाही. मुलीचा चेहरा मात्र दिसला. ती हसत नव्हती. दुखणाऱ्या हातांकडं बघत होती, हरवलेलं माणूस दारात दिसावं तशी.

साडेतीनला सगळे रस्त्याशी उभे होते. दसऱ्याची गर्दी, लोक आपट्याची पानं वाटत होते. सिद्धाराम लांब, पानटपरीच्या आडोशाला थांबलेले. गाडीचा धुरळा दिसला तशी सृष्टी त्यांच्यापाशी गेली आणि काठ्यांची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

“उचला.”

“म्या?”

“बावीस वर्सं लोकांची उचलली की. माझी उद्या कोण उचलणार?”

म्हाताऱ्यानं पिशवी खांद्यावर घेतली. गाडी थांबली, दार उघडलं. पायरीवर पाय ठेवून सृष्टी वळली. सकाळचं ते भय अजून तिच्या डोळ्यांत होतं, सगळं गेलं नव्हतं.

“आन् उद्या चुकलं तर, काका?”

कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली.

“तर मला सांग,” ते म्हणाले. “आदी अंगण बघू.”