केळ एकदाच विते

मी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाते. त्यामुळे वटार गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत जे झालं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गोरे देश सोडून गेले तेव्हा एक साहेब माझ्या धाकट्या भावाला, बॅप्टिस्टला, लांब केसांचा तांबूस कुत्रा आणि तीन कुत्र्या देऊन गेला. मुंबईच्या बंगलेवाल्यांना असली पिल्लं हवीच होती. बॅप्टिस्टने कुत्र्या केळी पिकवायच्या खोलीत कोंडल्या. त्या खोलीला खिडकी नाही. केळ्यांना धूर द्यायचा तेव्हा दारसुद्धा शेणाने लिंपतात. पिल्लांचे डोळे उघडले की बॅप्टिस्ट ती उचलायचा, बकरीच्या दुधावर वाढवायचा. आईचा पान्हा लवकर आटला म्हणजे ती लवकर पुन्हा गाभण!

दोघी त्यातच मेल्या. उरली डेझी. तिची आचळं जमिनीला घासायची, अंगावरचे केस झडले होते. मला शिसारी यायची.

"मार्थाबाय, केळपण वितेच की," बॅप्टिस्ट हसायचा. केळफूल बाहेर पडलं की आमच्याकडे 'केळ व्याली' म्हणतात, त्यावरून.

"केळ एकदाच विते रे मेल्या! मग तिला पाडून मोकळं करतात. हिला तेवढं तरी कर!"

त्याची बायको लुसी पोटुशी होती. ती त्याला म्हणाली, "एक तरी पिल्लू ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी." त्याने तेही उचललं.

पावसाळा सरताना डेझी मेली. दारावर आतून नखांचे ओरखडे होते. आमच्या पांडू गड्याने तिला केळीच्या बुडाशी पुरलं. लुसीला मुलगा झाला. बॅप्टिस्टने खोली धुतली, नाताळासाठी केळीचे घड रचले, धूर केला आणि स्वतःच्या हाताने दार लिंपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांडू स्वयंपाकघराच्या दारात आला.

"बाय, व्याली."

"कुठली केळ?"

"केळ नाय." तो आत पाऊल टाकेना. "खोलीतली."

"भरदुपारी दारू टाकून आलास काय रे?" मी खेकसले, पण गेले. दाराला कान लावला. आत बारीक कुंई ऐकू आली. मग चुटूचुटू चोखल्याचा आवाज, पुष्कळ तोंडांचा.

तेवढ्यात घरातून लुसीची किंकाळी आली.

पाळणा रिकामा होता.

बॅप्टिस्ट विहिरीकडे धावला. मी पलंगाखाली, माळ्यावर शोधलं. लुसी मात्र सरळ त्या खोलीपाशी जाऊन उभी राहिली.

लिंपण शाबूत होतं. वाळलेल्या शेणावर बॅप्टिस्टची बोटं उमटलेली तशीच होती.

"फोडा," लुसी म्हणाली.

विहिरीवरून परतलेल्या बॅप्टिस्टने पहारीने दार फोडलं. धूर बाहेर आला.

घड बाजूला सारलेले होते. पेंढ्यात गोल खळगा होता.

खळग्यात आमचं पोर गाढ झोपलेलं.

एवढ्या धुरात ते खोकलंसुद्धा नव्हतं. ओठांच्या कडेला दूध होतं. मी पेंढ्याला हात लावला. ऊब होती.

पोराच्या मानेवर मागच्या बाजूला दातांचे ठसे होते. कातडी कुठेच फाटली नव्हती.

लुसीने त्याला छातीशी धरलं. त्याने तोंड फिरवलं.

बॅप्टिस्ट मातीत बसून ढसाढसा रडायला लागला. लुसी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तिनं परत दिलं. तुमी एक तरी दिलं होतं?"

ती खोली आम्ही पाडली. कुत्रा देऊन टाकला. आम्ही आळीपाळीने पाळण्यापाशी बसतो. पण दुपारी कुणाचा ना कुणाचा डोळा लागतोच. लुसीचा पान्हा त्याच आठवड्यात आटला. बकरीचं दूध पोर थुंकून टाकतं. पावडरचं घेत नाही.

काल त्याला आगाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन केलं, गालाला हात लावला आणि खूश झाले.

"छान बाळसं धरलंय," ते लुसीला म्हणाले. "आईचं दूध अंगी लागलंय. इतक्यात तोडू नका."